हातोहात आलेला ग्रंथ

या मननासाठी एक निवांत तास काढा. बंगळुरात असाल तर शिवाजीनगरला, रसेल मार्केटजवळच्या सेंट मेरी बॅसिलिकात मागच्या बाकावर बसा. बाजाराचा गलका आणि बसचे हॉर्न आत येत राहतील, येऊ द्या. दुसरीकडे कुठे असाल तर घरातली नेहमीची जागा चालेल. एकच प्रश्न मनात धरायचा आहे आणि त्याचं उत्तर द्यायची घाई करायची नाही. खरा विश्वास कशावरून ओळखावा? ज्या ग्रंथावर तो उभा आहे तो ग्रंथ जसाच्या तसा मूळचा आहे, यावरून? की माणसाने कसोटीच्या वेळी मान झुकवली नाही, यावरून? ख्रिस्ती माणसं या प्रश्नावरून आपसांत भांडली, मुसलमानांशी भांडली, सभा भरवून, पुस्तकं छापून भांडली. आपल्याला कुणाला हरवायचं नाही. म्हणून आपण सावकाश जाऊ.

आधी भोवताली पाहा. बॅसिलिकेची आजची इमारत 1882 सालची. त्या वर्षी 8 सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिनी, तिचं समर्पण झालं. इथल्या मारियेला साडी नेसवतात. सप्टेंबरातल्या यात्रेला मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांत ख्रिस्ती असतात तशा हिंदू असतात, बुरख्यातल्याही असतात. त्यांच्यातल्या कुणी मूळ ग्रीक पोथी पाहिलेली नसते. त्यांचा विश्वास खोटा म्हणायचा का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, पण विसरू नका.

या इमारतीच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, इथे गवताने शाकारलेलं एक लहानसं प्रार्थनाघर होतं. ते एका फ्रेंच पाद्र्याच्या नावाशी जोडलेलं आहे. आबे द्युबुआ. आजचा बराचसा वेळ आपण याच माणसासोबत काढणार आहोत, कारण आपल्या प्रश्नाचे सगळे पदर त्याच्या एकट्याच्या आयुष्यात येऊन गुंतले आहेत.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा आगडोंब उसळला होता तेव्हा, 1792 मध्ये, द्युबुआ हिंदुस्थानात आला आणि तीसएक वर्षं दक्षिणेत राहिला. त्याने इथल्या लोकांसारखा पोशाख केला, इथल्यासारखं राहणं-खाणं स्वीकारलं, इथल्या भाषा बोलला. म्हैसूर राज्यात देवीची लस टोचण्याच्या कामात तो गावोगाव हिंडला. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला, आणि विस्कटलेल्या ख्रिस्ती समाजाची घडी पुन्हा बसवण्यासाठी द्युबुआला तिकडे बोलावणं आलं. इथे पहिला मुक्काम करू.

1784 मध्ये टिपूने कानडा किनाऱ्यावरचे ख्रिस्ती धरले. इंग्रजांशी लढाई नुकतीच संपली होती, आणि हे लोक इंग्रजांना फितूर झाले असा त्याचा आरोप होता. बायकामुलांसकट त्यांना घाट चढवून श्रीरंगपट्टणला नेलं. वाटेत आणि बंदिवासात पुष्कळ मेले. पुरुषांची सुंता झाली, मुसलमानी नावं मिळाली, तरणेताठे फौजेत घातले गेले. द्युबुआ हा आकडा साठ हजार सांगतो. इतिहासकारांचं त्यावर एकमत नाही, आणि आपल्याला इथे आकड्याची गरजही नाही.

टिपूचं नाव निघालं की आपल्याकडे बाजू लगेच ठरतात. क्षणभर त्या ठरू देऊ नका. 1791 मध्ये पटवर्धनांच्या फौजेबरोबर आलेल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, देवीची मूर्ती हलवली, आणि पुन्हा प्रतिष्ठापना करण्यासाठी पैसा धाडला तो टिपूने. किनाऱ्यावरच्या ख्रिस्त्यांचा छळ करणारा आणि शृंगेरीच्या स्वामींना आदराने पत्रं लिहिणारा राजा एकच. मठ लुटणारे आपले होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. ज्याला या वादात काही शिकायचं आहे त्याने आधी हे पचवावं, असं मला कळकळीने वाटतं.

आता डोळे मिटा आणि त्या बंदिवानांपैकी एक माणूस समोर आणा. त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याची भाषा कोकणी. आपल्या अगदी शेजारची. त्याचे पूर्वज गोव्याहून मंगळुराकडे सरकलेले. का सरकले? कुणी दुष्काळाने, कुणी मराठ्यांच्या स्वाऱ्यांना भिऊन, कुणी इन्क्विझिशनच्या धाकाने. 1560 मध्ये गोव्यात सुरू झालेलं ते धर्मन्यायालय बाटलेल्यांच्या घरात डोकावून पाहत असे: तुळस आहे का, जुने सण पाळले जातात का, म्हणजे हा मनापासून ख्रिस्ती झाला आहे की नाही. तेव्हा या माणसाच्या खापरपणजोबाला ख्रिस्ती हाकिमाने विचारलं होतं, तू खरा ख्रिस्ती का? आणि याला मुसलमान सुलतानाने सांगितलं, ख्रिस्ती राहू नकोस.

हा माणूस पंधरा वर्षं श्रीरंगपट्टणला राहिला. मुसलमानी नावाने हाका ऐकल्या, ओ दिली. नमाजाला उभा राहिला. त्याला मुलं झाली असतील, त्यांची नावंही तशीच असतील. आणि 1799 च्या मे महिन्यात अचानक तटबंदी फुटली, सुलतान पडला, दारं उघडली.

तो द्युबुआकडे येतो. काय म्हणतो?

इथे थांबा. हे वाक्य त्याच्या तोंडी घालायची घाई करू नका. तो रडत असेल किंवा नुसताच उभा असेल. मुलांना बापाचं जुनं नाव माहीतही नसेल.

अशी पुष्कळ माणसं परतली आणि द्युबुआने त्यांना चर्चमध्ये परत घेतलं. पण मनातून त्याने त्यांना माफ केलं नव्हतं. 1823 मध्ये तो युरोपला परतला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये त्याची पत्रं पुस्तकरूपाने छापली गेली. हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती धर्माची स्थिती हा त्या पत्रांचा विषय. त्यात तो म्हणतो की एवढ्या हजारो माणसांत धर्मासाठी जीव देणारा एकही निघाला नाही. यावरून त्याने निष्कर्ष काढला की या लोकांचा विश्वास वरवरचा होता, आणि या देशात ख्रिस्ती धर्म रुजण्याची आशा संपली. हे लिहिणारा कुणी दूरचा टीकाकार नव्हता. हयात इथे घालवलेला, लोकांनी जीव लावलेला पाद्री होता. त्या पानांत मला तिरस्कारापेक्षा थकवा अधिक दिसतो. तरी निवाडा कठोर आहे, आणि माझ्या मते चुकीचा आहे.

पंधरा वर्षांनी परत येणं म्हणजे काय, याचा हिशेब त्याने धरलाच नाही. त्या काळात मनातल्या मनात म्हटलेल्या प्रार्थनांची नोंद कुठे होणार? आईने पोराला निजवताना कुठल्या सुरात गाणं म्हटलं ते कुणी ऐकलं? हुतात्म्याचा विश्वास एका क्षणात सगळ्यांना दिसतो. दडपलेल्या माणसाचा विश्वास वर्षानुवर्षं कुणालाच दिसत नाही, त्याला स्वतःलाही नाही, आणि दार उघडतं तेव्हा तो चालायला लागतो. येशूचा पट्टशिष्य पेत्र धरपकडीच्या रात्री त्याला तीनदा नाकारून बसला होता, हे द्युबुआने आयुष्यभर व्यासपीठावरून वाचलं असेल.

आणखी एक पायरी, ही जास्त अवघड. ज्याला पंधरा वर्षांत नमाजातच देव भेटला, आणि म्हणून जो परतला नाही, अशा माणसाचीही कल्पना करा. सुरुवात जुलमाने झाली, म्हणून त्याचा शेवटचा विश्वास खोटा ठरतो का? मग गोव्यात जुलमाने बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या नातवंडांच्या विश्वासाचं काय? श्रीरंगपट्टणला ज्या धर्मासाठी त्यांनी सोसलं तो तर त्यांच्या पूर्वजांवर कधीतरी लादला गेला असू शकतो. मी या ठिकाणी पुष्कळदा अडलो आहे. सुरुवात गढूळ होती एवढ्यावरून पुढचं सगळं नाकारता येत नाही, इतकं मला पटतं. पण जुलूम करणाऱ्याला त्याचं श्रेय द्यायलाही मी तयार नाही. तुम्हीही इथे थोडं अडा.

आता माणसांकडून ग्रंथाकडे वळू. द्युबुआच्या त्याच पत्रांत दुसरा एक वाद आहे, आणि तो ख्रिस्त्यांचा ख्रिस्त्यांशी आहे. प्रॉटेस्टंट मिशनरी तेव्हा देशी भाषांत बायबल छापत सुटले होते. श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार 1811 मध्येच बाहेर पडला होता. द्युबुआने लिहिलं, हा उद्योग थांबवा. भाषांतरं घाईची आणि ओबडधोबड आहेत. शिवाय येशूच्या दृष्टांतातला उधळ्या मुलाचा बाप मुलगा परतल्याच्या आनंदात पोसलेलं वासरू कापतो, हे एखाद्या ब्राह्मणाच्या हाती द्याल तर तो पुस्तक मिटून हात धुईल. त्याचं म्हणणं, ग्रंथ नुसता पुढे करून भागत नाही. आधी माणूस तयार झाला पाहिजे. पुढच्याच वर्षी जेम्स हफ आणि हेन्री टाउनली या दोघा प्रॉटेस्टंटांनी त्याला पुस्तकं लिहून उत्तरं दिली.

आज बंगळुरात महात्मा गांधी रोडवर बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं मुख्यालय आहे. जिथे द्युबुआचं शाकारलेलं प्रार्थनाघर होतं तिथून ते फार दूर नाही. देशातल्या कितीतरी भाषांतली बायबलं तिथून हलतात. पलीकडे मिलर्स रोडवर 1910 मध्ये स्थापन झालेलं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. तिथे पाळक होऊ घातलेली मुलंमुली हिब्रू आणि ग्रीक शिकतात, आणि ग्रंथाची कुठली ओळ कुठल्या हस्तलिखितात आहे, कुठल्यात नाही, हे तपासायलाही शिकतात. वाद द्युबुआ हरला. पण त्याने काढलेली शंका एवढ्यावर निकालात निघाली असं मला वाटत नाही. हाती पडलेलं पुस्तक आणि मनात उतरलेलं पुस्तक यांत अंतर असतंच.

त्याच्या स्वतःच्या पुस्तकाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. हिंदूंचे आचार, रूढी आणि संस्कार यांवरचं त्याचं जाडजूड पुस्तक 1816 मध्ये इंग्रजीत निघालं. हस्तलिखित कंपनी सरकारने मोल देऊन विकत घेतलं होतं. पिढ्यान् पिढ्या अधिकाऱ्यांनी आणि अभ्यासकांनी ते प्रमाण मानलं. एकोणिसशे ऐंशीच्या दशकात फ्रेंच संशोधक सिल्व्हिया म्युर यांनी दाखवून दिलं की त्यातला फार मोठा भाग गास्तों-लोरां कर्दू या त्याच्या आधीच्या जेझुइट पाद्र्याच्या लिखाणावरून घेतलेला आहे. पुस्तकावर कर्दूचं नाव नव्हतं.

बायबलच्या शुद्धतेची आणि परतलेल्यांच्या शुद्धतेची एवढी चिंता वाहणाऱ्या माणसाच्या ग्रंथाचंच मूळ असं झाकलेलं निघालं. हे कळल्यावर मला त्याच्यावर तोंडसुख घ्यावंसं वाटलं नाही. पुस्तकातली निरीक्षणं एका रात्रीत खोटी झाली नाहीत. कर्दूने पाहिलेलं खरं होतं, द्युबुआने जोडलेलंही काही खरं असेल. बिघडलं ते वेगळंच: वाचणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं ते त्याच्यापासून लपवलं गेलं. मजकूर दुसऱ्या हातून आला हा एक मुद्दा, आणि तसा आला हे लपवलं हा दुसरा. पुढच्या मुक्कामावर हा फरक लागेल.

तो मुक्काम आग्र्याचा. 10 आणि 11 एप्रिल 1854. एका बाजूला कार्ल गॉटलिब फाण्डर हा जर्मन मिशनरी. फारसी-उर्दू जाणणारा, ‘मीजान-उल-हक’ हा इस्लामच्या खंडनाचा ग्रंथ लिहिलेला. दुसऱ्या बाजूला मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि त्यांच्या जोडीला डॉक्टर वजीर खान. समोर दाटीवाटीची सभा. मुसलमान परंपरा तौरात (मोशेचं शास्त्र) आणि इंजील (येशूचं शुभवर्तमान) हे देवाने उतरवलेले ग्रंथ मानते. कुराणात मरियमच्या नावाची सुरा आहे, ईसांचा मान मोठा आहे. तिचा आक्षेप तहरीफचा: ग्रंथ उतरला तसा राहिला नाही, हातांनी बदलला. फाण्डरला यावरचं उत्तर पाठ होतं, कारण शतकानुशतकं हाच आक्षेप येत होता. गोव्याहून निघालेला रुदोल्फो आक्वाविवा 1580 मध्ये अकबराच्या दरबारात पोचला तेव्हाही हाच वाद झडला होता, आणि अकबराने मात्र भेट आलेलं बायबल पगडी उतरवून मस्तकी लावलं होतं.

आग्र्याला झालं ते नवं होतं. वजीर खान यांनी विलायतेहून युरोपीय विद्वानांचीच पुस्तकं आणली होती, बायबलच्या पाठांची चिकित्सा करणारी, ख्रिस्त्यांनीच लिहिलेली. ती उघडून त्यांनी विचारलं, तुमचेच पंडित म्हणतात की अमुक जागी मजकूर मागाहून घुसला, ते खरं का? फाण्डरला सात-आठ जागी बदल कबूल करावा लागला. लेखनिकांच्या चुका तर हजारो, हेही त्याने मानलं. पण मूळ शिकवणीला त्यामुळे धक्का लागत नाही, असं त्याने धरून ठेवलं. सभेला तेवढ्याने समाधान नव्हतं. दोन दिवसांत वाद आटोपला आणि दोन्ही पक्षांनी आपलाच जय सांगितला.

कबूल झालेल्या जागांपैकी एक योहानाच्या पहिल्या पत्रातली, पाचव्या अध्यायातली. पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे स्वर्गात साक्ष देतात आणि ते एक आहेत, अशा अर्थाचं ते वाक्य. संबंध बायबलात त्रैक्याचा सिद्धांत इतक्या उघड शब्दांत सांगणारी दुसरी ओळ नाही. इरास्मसने 1516 आणि 1519 मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा ही ओळ घातली नव्हती, कारण त्याच्यासमोरच्या ग्रीक पोथ्यांत ती नव्हती. गदारोळ झाला. 1522 च्या आवृत्तीत त्याने ती घातली. मग शेकडो वर्षं ती घरोघरच्या बायबलात राहिली, तिच्यावर प्रवचनं झाली, ती न मानणाऱ्यांना पाखंडी ठरवलं गेलं. 1881 च्या सुधारित इंग्रजी नव्या करारात ती गाळली गेली. म्हणजे वजीर खान यांनी भरसभेत दाखवलेलं बोट इंग्लंडच्या बिशपांनी सत्तावीस वर्षांनी मान्य केलं. ही ओळ गेली म्हणून माझ्या मते फार काही गेलं नाही. पण तिच्या जोरावर ज्यांना शिक्षा झाल्या त्यांची भरपाई कुणीच करू शकत नाही. मूळ तपासावं लागतं ते यासाठी.

तहरीफबद्दल मुसलमान विद्वानांतही एकवाक्यता नव्हती, हेही इथे ध्यानात घ्या. शब्द बदलले की अर्थ फिरवला, हा वाद त्यांच्यात जुना. सय्यद अहमद खान यांनी 1862 मध्ये बायबलवर भाष्य छापायला घेतलं, एका मुसलमानाने आदराने लिहिलेलं. त्यांचा कल अर्थ फिरवला गेला याकडे होता, मजकूर जाणूनबुजून भ्रष्ट केला याकडे नव्हता. आणि कुराणाचं संकलन खलिफा उस्मानांच्या काळात कसं झालं, मान्य पठणपद्धती सात की दहा, कुठल्या पठणात कुठला शब्द वेगळा, हे ज्ञान मुसलमान विद्वानांनीच बारकाईने जपलेलं आहे. जो समाज आपल्या ग्रंथाच्या प्रवासाची वही ठेवतो तो त्या ग्रंथावर प्रेमच करत असतो. ख्रिस्ती चिकित्सकांनाही हेच लागू पडतं, मग त्यांच्या धर्मबांधवांनी त्यांना कितीही शिव्या घातल्या असोत.

इथून जरा लांब जाऊ, सिनाय पर्वताच्या पायथ्याशी. आग्र्यानंतर पाचच वर्षांनी, 1859 मध्ये, तिथल्या सेंट कॅथरिन मठात टिशेनडॉर्फ या जर्मन विद्वानाच्या हाती चौथ्या शतकातल्या बायबलच्या पोथीचा मोठा भाग आला. संपूर्ण नवा करार असलेली इतकी जुनी दुसरी पोथी नाही. तिचं पान डोळ्यांसमोर आणा: कातड्याचं, चार उभ्या रकान्यांचं, अक्षराला अक्षर भिडलेलं, शब्दांमध्ये जागाच नाही. आणि कडेला, ओळींच्या मध्ये, वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या शतकांत केलेल्या दुरुस्त्या. एकाने टिंबं देऊन शब्द रद्द केला, दुसऱ्याने ती टिंबं खोडून तो पुन्हा जिवंत केला. अशा दुरुस्त्या हजारो आहेत. त्या पानाकडे पाहताना मला भीती वाटत नाही. झोप आवरत, दिव्याखाली, हे चुकू नये म्हणून मान मोडून बसलेली माणसं दिसतात.

या मठाच्या भिंतींच्या आत एक मशीद आहे, जवळपास हजार वर्षांची. आणि मठाकडे एक सनद आहे: खुद्द पैगंबरांनी तिथल्या साधूंना अभय दिलं, त्यांच्या चर्चला हात लावू नये असं बजावलं, अशी. तिच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांना दाट शंका आहे. पण एकामागून एक मुसलमान राज्यकर्त्यांनी तिला मान दिला, आणि ख्रिस्ती जगातली ती पोथी मुसलमानी सत्तेखाली शतकानुशतकं सुखरूप राहिली.

या जागी जितका वेळ हवा तितका घ्या. सनद कदाचित बनावट. तिने दिलेलं अभय खरं. योहानाच्या पत्रातली ती ओळ मागाहून घातलेली. तिने केलेला छळही खराच. मूळ अस्सल असेल तरच फळ चांगलं, असा सरळ हिशेब इथे लागत नाही. मग मूळ शोधणं सोडून द्यायचं का? मला तसं वाटत नाही. सनदेचं मूळ संशयास्पद आहे हे माहीत असूनही तिचं अभय पाळणारा राजा मला अधिक मोठा वाटेल.

शेवटी आपल्या भाषेतल्या एका बाईपाशी येऊ. पंडिता रमाबाई. 1858 मध्ये जन्म गंगामुळच्या रानात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. सगळं पुराण-संस्कृत मुखोद्गत. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच त्यांचा झगडा सुरू झाला तो ज्यांनी त्यांना आसरा दिला त्या अँग्लिकन जोगिणींशी. रमाबाई त्रैक्याबद्दल प्रश्न विचारत. अथानासियसच्या नावाने चालणारा मतांगीकार म्हणायला त्यांनी नकार दिला. शास्त्रात स्पष्ट दिसत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून का मानू, एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवलं ते दुसऱ्याचं चढवून घ्यायला का, असा त्यांचा रोख होता. जेराल्डिन भगिनींना यात अहंकार दिसला. आपण त्या घरात पाहुणी आहोत, परक्या देशात एकटी आहोत, पदरी लहान मुलगी आहे, हे सगळं ठाऊक असून एक पंचविशीतली बाई वाकली नाही. द्युबुआला श्रीरंगपट्टणात सापडला नव्हता तो ताठा हाच असेल का? आणि तो ख्रिस्ती सत्तेपुढेच दाखवला गेला, याला काय म्हणावं?

रमाबाई पुढे वेगळ्या वाटेने विश्वासात स्थिरावल्या. पण ग्रंथाविषयीची त्यांची तळमळ टिकली. केडगावच्या मुक्ती सदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरवलं. दुष्काळातून, विधवापणातून आलेल्या बायका तिथल्याच छापखान्यात काम करत. हे काम रमाबाईंनी 1922 मध्ये डोळे मिटेपर्यंत चाललं. समग्र बायबल 1924 मध्ये छापून निघालं. एवढा मोठा ग्रंथ मुळावरून एकट्या बाईने उतरवावा, आणि बायकांनी तो छापावा! मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याला मिळायला हवी ती जागा अजून मिळालेली नाही, आणि ते मला खटकतं.

आता शेवटचं काम तुमचं. योहानाच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या बाईची गोष्ट आहे. लोक दगड घेऊन उभे. येशू वाकून बोटाने जमिनीवर काहीतरी लिहितो. ज्याने स्वतः पाप केलं नसेल त्याने सुरुवात करावी, अशा अर्थाचं तो बोलतो, आणि एकेक जण निघून जातो, म्हातारे आधी. ही गोष्ट सिनायच्या पोथीत नाही. इतर फार जुन्या पोथ्यांतही नाही. काही पोथ्यांत ती भलत्याच ठिकाणी, लूकच्या शुभवर्तमानात येते. उलट बाजूने, संत ऑगस्टीनचं म्हणणं असं की आपल्या बायका सोकावतील या भयाने काही लोकांनीच ती पोथीतून काढून टाकली. नव्या आवृत्त्या बहुधा ती कंसात छापतात.

समजा छपाईचं पान तुमच्या हातात आहे. मुक्ती सदनात कृपासदन नावाचा एक विभाग होता. समाजाने पतित ठरवलेल्या बायका तिथे राहत. त्यांच्यातली एक हे पान वाचणार आहे, हे लक्षात ठेवा. आणि आग्र्याच्या सभेत पुस्तक उघडून बसलेले वजीर खानही ते वाचणार आहेत. गोष्ट ठेवायची की काढायची? ठेवली तर तिच्याविषयी जे माहीत आहे ते कुठे लिहायचं, किती ठळक?

मी ती ठेवली असती, कंसात, आणि खालची टीप मजकुराच्याच टाइपात लावली असती. तुम्ही ठरवाल ते त्या दोघांना समोर बसवून वाचून दाखवता येईल का, एवढं तपासा. आज ठरलं नाही तर उद्या पुन्हा बसा.